शिदोरीपासून थाळीपर्यंत : चंद्रपूर–गडचिरोली परिसरातील माफक दराच्या दुपारच्या जेवणाचा सामाजिक इतिहास

प्रास्ताविक

प्रादेशिक इतिहासलेखनात अन्नाचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी होत आला आहे. दुष्काळ, धान्याचे भाव व शेतसारा हे एक अंग. सण, नैवेद्य व पाककृती हे दुसरे. या दोहोंच्या मध्ये असलेले एक क्षेत्र मात्र बहुतांशी दुर्लक्षित राहिले. घरापासून दूर असलेला सामान्य मनुष्य दुपारी कोठे जेवतो, किती पैशांत जेवतो आणि कोणाच्या शेजारी बसून जेवतो, हे ते क्षेत्र होय. महाराष्ट्र शासनाच्या जिल्हा गॅझेटियर मालेतील अनेक खंडांत हॉटेल, खानावळ व चहाची दुकाने यांची नोंद ‘किरकोळ व्यवसाय’ अशा स्वरूपाच्या प्रकरणात, केशकर्तनालये व शिंपीकाम यांच्या सोबतीने येते. नोंद किरकोळ असली तरी व्यवहार किरकोळ नाही. बाजारात शिजविलेले अन्न विकत घेऊन खाण्यासाठी समाजात रोख मजुरी, प्रवासाची साधने आणि परक्याच्या हातचे खाण्याची मानसिक तयारी या तिन्ही गोष्टी अस्तित्वात असाव्या लागतात. म्हणून खानावळीचा इतिहास हा पर्यायाने या तिन्ही गोष्टींचा इतिहास ठरतो.

प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांतील माफक दराच्या दुपारच्या जेवणाचा या दृष्टीने वेध घेतला आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हा सर्व प्रदेश एकाच जिल्ह्यात होता. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांचा एकत्र विचार करणे सयुक्तिक ठरते. चांगले आणि परवडणारे जेवण देणारी खानावळ ही या भागात स्थिर ग्राहक, स्थानिक धान्य आणि कुटुंबाचे श्रम या तीन आधारांवर उभी राहिली. तिचे दार सर्वांसाठी खुले होण्यास मात्र कायदा व चळवळ यांची गरज भासली. हा या लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे.

संज्ञाविचार

विषयाच्या मांडणीपूर्वी काही शब्दांचा स्थानिक अर्थ लक्षात घेणे आवश्यक आहे. विदर्भात ‘हॉटेल’ म्हणजे मुक्कामाची जागा असे सर्वसाधारणपणे समजले जात नाही. चहा, आलूबोंडा, तर्री-पोहे, भजी असा नाश्ता मिळणारे दुकान म्हणजे हॉटेल. पूर्ण जेवण मिळते ते ‘भोजनालय’. महिन्याच्या हिशेबाने ठराविक गिऱ्हाइकांना दोन वेळा जेवू घालणारी ती ‘खानावळ’. विद्यार्थी व नोकरदार यांच्या बोलण्यात हिलाच ‘मेस’ हा शब्द रूढ झाला. महामार्गावरील ‘ढाबा’ हा त्यामानाने अलीकडचा.

ताटातील पदार्थांची नावेही प्रदेशाची ओळख सांगतात. येथील भाजी बाजारात ‘सांबार’ मागितल्यास कोथिंबीर मिळते आणि सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचे सारण भरलेली तळलेली वडी. दक्षिणेकडील सांबार इडली-डोशासोबत रेल्वेमार्गाने आले. एकच शब्द दोन अर्थांनी एकाच बाजारात वावरतो, हे या प्रदेशाच्या सीमावर्ती स्वरूपाचे बोलके उदाहरण आहे.

ताटाच्या दृष्टीनेही हा प्रदेश एकजिनसी नाही. पश्चिमेकडील वरोरा, राजुरा या भागांत ज्वारी व कापूस; तर मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी व गडचिरोली या पूर्वेकडील झाडीपट्टीत धान. पश्चिमेकडील जेवणात भाकरीला महत्त्व, तर झाडीपट्टीत जेवण म्हणजे भात. दुपारच्या जेवणासाठी केलेल्या शासकीय योजनांचे मूल्यमापन करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

शिदोरी, यात्रा आणि दुष्काळातील पाकशाळा

एकोणिसाव्या शतकापर्यंत या प्रदेशात प्रवासी मनुष्य आपले अन्न आपल्यासोबत नेत असे. शेतावर जाणाऱ्याची शिदोरी, धानाच्या रोवणीला जाणाऱ्या मजुरांचे फडक्यात बांधलेले जेवण आणि बैलगाडीने बाजाराला जाणाऱ्यांच्या सोबतचे तांदूळ-डाळ यांवरच दुपार भागत असे. चैत्रात चंद्रपूरच्या महाकाली यात्रेला येणारे भाविक आणि महाशिवरात्रीला मार्कंडा येथे वैनगंगेच्या काठी जमणारे यात्रेकरू चुली मांडून स्वतः स्वयंपाक करीत. ही पद्धत आजही पूर्णपणे लोपलेली नाही. या व्यवहारात पैशाचा भाग अत्यल्प होता. त्याचबरोबर प्रत्येकाची चूल वेगळी असल्याने जातीच्या अन्नविषयक नियमांना धक्काही लागत नसे.

शिजविलेले अन्न सार्वजनिक ठिकाणी मोठ्या प्रमाणावर वाटले गेले ते दुष्काळात. १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. दुसऱ्या दुष्काळात प्रांतिक सरकारने शिजविलेले अन्न देणाऱ्या पाकशाळांवर मोठा भर दिला. उपासमार होत असतानाही परक्याच्या हातचे शिजविलेले अन्न घेण्यास जातिसंकोच आड येतो, ही अडचण दुष्काळविषयक प्रशासनास ठाऊक होती. कोरडा शिधा आणि शिजविलेले अन्न यांतील सामाजिक अंतर या काळात स्पष्टपणे पुढे आले. दुष्काळातील पाकशाळा ही दानाची जागा होती. तेथे जेवणाऱ्यास निवडीचा अधिकार नव्हता. खानावळीत पैसे मोजणारा मनुष्य जेवण बरे नसल्यास उद्यापासून दुसरीकडे जाऊ शकतो. हा फरक पुढील विवेचनात वारंवार उपयोगी पडेल.

कोळसा, रेल्वे आणि रोख मजुरी

या प्रदेशात रोख मजुरीवर जगणारा, कुटुंबापासून दूर राहणारा कामगारवर्ग प्रथम कोळशाने निर्माण केला. वरोरा येथील कोळसा खाण १८७० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाली आणि त्याच दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेमार्ग आला. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली. तोपर्यंत बल्लारपूर येथे नवी खाण सुरू झालेली होती. पुढे घुग्घुस, चंद्रपूर, माजरी व राजुरा परिसरातील खाणींमुळे वर्धा नदीचे खोरे हा कोळशाचा सलग पट्टा बनला.

रेल्वेचा विस्तारही याच काळातील आहे. गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्टपर्यंत येणारा अरुंद मार्ग विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तयार झाला. या मार्गाने झाडीपट्टीतील धान, लाकूड व बांबू यांना बाजार मिळवून दिला. १९२९ च्या सुमारास काझीपेट–बल्लारशाह हा दुवा जोडला गेला आणि दिल्ली–मद्रास हा सरळ मार्ग खुला झाला. गाव बल्लारपूर आणि स्थानक बल्लारशाह अशी दोन नावे धारण करणारे हे ठिकाण उत्तर व दक्षिण यांचा सांधा बनले. तेलुगू भाषक, छत्तीसगडी व उत्तर भारतीय मजुरांची वस्ती या पट्ट्यात वाढली. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीने तिच्यात भर घातली.

एकट्याने राहणाऱ्या कामगाराचे जेवण हा मुंबईच्या गिरणगावातही कळीचा प्रश्न होता. तेथे गिरणी कामगारांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणाऱ्या स्त्रियांच्या खानावळी हा त्यावरील तोडगा ठरला. या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. खानावळवाली पगाराच्या दिवसापर्यंत उधारीवर जेवू घालते आणि त्यासाठी स्वतः किराणा दुकानदार किंवा सावकार यांची ऋणको बनते, ही बाब या संघटनेच्या कार्यामुळे सार्वजनिक चर्चेत आली. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातील खानावळींचा असा संघटित इतिहास उभा राहिला नाही. तथापि व्यवहाराचे तत्त्व तेच होते. पगार महिन्याने होतो आणि भूक रोज लागते. या दोहोंमधील अंतर खानावळ चालविणारे कुटुंब आपल्या पतीवर भरून काढते.

१ मे १९७३ पासून बिगर-कोकिंग कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ साली नागपूर मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी अस्तित्वात आली. नियमित वेतन, वसाहती व उपाहारगृहे यांमुळे कायम कामगाराचे जीवन स्थिरावले. त्याचे कुटुंब वसाहतीत आले आणि दुपारचा डबा घरून येऊ लागला. अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृह सक्तीचे करण्याचा अधिकार कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४६ ने राज्य शासनास दिला होताच. खाणींसाठीही स्वतंत्र तरतूद होती. कंत्राटी कामगारांबाबत १९७० च्या अधिनियमाने शंभर किंवा त्याहून अधिक कामगारांची मर्यादा घातली. परिणामतः लहान कंत्राटदाराकडील मजूर, ट्रकचालक, क्लीनर आणि हमाल हे या तरतुदींच्या बाहेर राहिले. १९८३ पासून कार्यान्वित झालेले चंद्रपूरचे औष्णिक विद्युत केंद्र आणि राजुरा–कोरपना भागातील सिमेंट कारखाने यांच्या उभारणीत असाच असंघटित वर्ग मोठ्या संख्येने आला. कारखान्याच्या फाटकाबाहेरील भोजनालयांचा खरा ग्राहक हा वर्ग होय.

पंगत आणि बाक

खानावळीच्या इतिहासात दराइतकाच महत्त्वाचा प्रश्न प्रवेशाचा आहे. पंगतीत कोण कोठे बसेल हे जात ठरवीत असे. हॉटेलच्या बाकावर कोण बसेल हे सिद्धांततः खिशातील पैसा ठरवितो. प्रत्यक्षात मात्र दीर्घकाळ जातीने बाकाचाही पाठलाग केला. वेगळ्या कपबशा व बाहेर बसविण्याची प्रथा देशाच्या अनेक भागांत होती आणि विदर्भ तिला अपवाद नव्हता.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांतील प्रवेशाचा नामोल्लेखासह समावेश आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात उपाहारगृहाचा उल्लेख यावा, यातच त्या जागेचे सामाजिक महत्त्व दिसून येते. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५ ने आणखी एक पाऊल पुढे टाकले. सार्वजनिक उपाहारगृहात, धर्मशाळेत वा मुसाफिरखान्यात सर्वांच्या उपयोगासाठी ठेवलेली भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. कायदा भांड्यापर्यंत पोहोचला, कारण भेदभाव भांड्यापर्यंत पोहोचलेला होता.

कायद्याच्या जोडीला चळवळ उभी राहिली. नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धम्मदीक्षेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १६ ऑक्टोबर रोजी चांदा येथे दीक्षा समारंभ घडवून आणला. चंद्रपुरात दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला होणारा धम्मचक्र अनुप्रवर्तन सोहळा ही त्याचीच परंपरा आहे. या चळवळीने आत्मसन्मानाची जी जाणीव दिली, तिचा एक साधा, दैनंदिन आविष्कार म्हणजे तालुक्याच्या गावी हॉटेलच्या बाकावर सर्वांबरोबर बसून जेवणे. बाकावर शेजारी कोण बसला आहे हे न विचारण्याची सवय हळूहळू लागली. ती लावण्यात कायद्याबरोबर दुपारी एक वाजताच्या गर्दीचाही वाटा असावा. कारण जागा एकच रिकामी असेल आणि बस सुटण्यास वेळ थोडा असेल, तर चौकशीला सवड उरत नाही.

आदिवासींच्या बाबतीत अडसर वेगळ्या स्वरूपाचा होता. गोंड, माडिया, परधान, कोलाम या समाजांतील मनुष्य तालुक्याला आला की भाषा, हिशेब व परकेपण यांमुळे हॉटेलच्या पायरीशी थबकत असे. त्याच्यासाठी दरपत्रक असून उपयोग नव्हता; दर तोंडी सांगणारा आणि तो पाळणारा मालक हवा होता. सर्वांसाठी एकच ताट व एकच दर ही पद्धत अशा ग्राहकासाठी सर्वाधिक विश्वासार्ह ठरते, कारण तीत फसविले जाण्यास वाव कमी राहतो.

ताटाचे अर्थकारण

माफक दरात चांगले जेवण कसे परवडते, या प्रश्नाचे उत्तर ताटाच्या घटकांत शोधावे लागते. पहिला घटक धान्याचा. झाडीपट्टीतील मालगुजारी तलावांच्या जोरावर पिकणारे धान जवळच्याच गिरणीत भरडले जाते. वाहतुकीचा खर्च कमी येतो. या तांदळाच्या इतिहासात नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे (निधन ३ जून २०१८) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. १९८० च्या दशकात आपल्या शेतातील धानामधून वेगळ्या लोंब्या निवडून त्यांनी बारीक दाण्याचे व चांगला उतारा देणारे वाण विकसित केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून ‘एचएमटी’ म्हणून ते बाजारात रूढ झाले. बारीक तांदूळ हा पूर्वी पाहुण्यांच्या जेवणापुरता असे. अशा वाणांच्या प्रसाराने तो साध्या भोजनालयाच्या ताटातही येऊ शकला. त्या ताटाच्या चवीचे श्रेय ज्याला द्यावयाचे, त्या शेतकऱ्याचे नाव मात्र जेवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

दुसरा घटक डाळीचा. पूर्व विदर्भात धान निघाल्यावर बांधीतील ओलाव्यावर लाखोळी घेण्याची जुनी रीत आहे. लाखोळीच्या अतिसेवनाचा पायांच्या अधूपणाशी संबंध असल्याच्या कारणावरून १९६१ साली केंद्रीय अन्नभेसळ नियमांद्वारे तिच्या विक्रीस मज्जाव करण्यात आला. पिकविणाऱ्याच्या घरात असलेली डाळ अशा प्रकारे भोजनालयाच्या स्वयंपाकघरात निषिद्ध ठरली. स्वस्त वरण व भज्यांचे पीठ यांची जागा बाहेरून येणाऱ्या तूर व हरभरा डाळीने घेतली. येथून पुढे वरणाचा पातळपणा हा तुरीच्या भावाचा निदर्शक बनला.

तिसरा घटक इंधनाचा. जंगलालगतच्या गावांत जळाऊ लाकूड आणि खाणपट्ट्यात कोळशाची शेगडी यांमुळे इंधनाचा खर्च दीर्घकाळ नगण्य राहिला. या स्वस्ताईची किंमत अन्यत्र मोजावी लागली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथ्या क्रमांकावर होते. या प्रदूषणाचे मुख्य उगम उद्योग व खाणी हे असले, तरी शेगडीसमोर दिवस काढणाऱ्या स्त्रीच्या फुप्फुसांचा हिशेब कोणत्याही थाळीच्या दरात धरलेला नसतो. व्यावसायिक गॅस सिलिंडरकडे वळल्यानंतर धूर कमी झाला आणि थाळीचा खर्च वाढला.

चौथा व सर्वांत मोठा घटक श्रमाचा. लहान भोजनालयात पोळ्या लाटणारी, भाजी चिरणारी व भांडी घासणारी माणसे बहुधा घरचीच असतात. त्यांच्या कामाचा मोबदला वेगळा काढला जात नाही. तो काढल्यास थाळीचा दर टिकणार नाही. ‘स्वस्त आणि मस्त’ या कौतुकात हा न मोजलेला श्रम दडलेला असतो.

पाचवा घटक ग्राहकाच्या नियमिततेचा. महिन्याचे जेवणारे ठरलेले असले की किती तांदूळ टाकायचा हे सकाळीच कळते आणि अन्न वाया जात नाही. फिरत्या ग्राहकावर चालणाऱ्या भोजनालयास मात्र दररोज अंदाज बांधावा लागतो. उरलेल्या अन्नाचा तोटा उद्याच्या दरात किंवा उद्याच्या भाजीत मिसळतो. म्हणून खानावळीतील मासिक ताट हे फुटकळ ताटापेक्षा स्वस्त पडते.

अनुभवी ग्राहकाची पारखही याच अर्थकारणास धरून आहे. पदार्थ थोडे असावेत, भात दुसऱ्यांदा वाढला जावा, दोन वाजेपर्यंत पातेले रिकामे व्हावे, या त्याच्या कसोट्या होत. पदार्थांची संख्या कमी म्हणजे साठवण कमी. पातेले रिकामे होते म्हणजे अन्न ताजे. अशा जागेची माहिती पाटीवरून मिळत नसे. बसचा वाहक, कचेरीतील शिपाई आणि न्यायालयाबाहेरील अर्जनवीस यांच्या तोंडून ती पसरे. जे स्वतः रोज बाहेर जेवतात त्यांचा शब्द ग्राह्य, हा या माहितीचा साधा निकष होता.

गडचिरोली : कचेरीचे गाव आणि दूरची खेडी

१९८२ साली जिल्ह्याचे ठिकाण झाल्यावर गडचिरोलीचे स्वरूप पालटले. जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय, जिल्हा परिषद, रुग्णालय व महाविद्यालये यांमुळे रोज बाहेरगावाहून येणाऱ्यांची संख्या वाढली. या जिल्ह्यात खाणपट्ट्यासारखा कामगारवर्ग नव्हता. येथील दुपारच्या जेवणाचा ग्राहक म्हणजे कामासाठी आलेला खेडूत, शिकण्यासाठी राहणारा विद्यार्थी आणि बदलीवर आलेला कर्मचारी. जिल्ह्यात रेल्वे पोहोचली होती ती केवळ देसाईगंज (वडसा) येथे; उर्वरित प्रवास एस. टी. बसवर अवलंबून. भामरागड किंवा सिरोंचा येथून जिल्ह्याच्या ठिकाणी येण्यासाठी दीडशेहून अधिक किलोमीटरचे अंतर कापावे लागते. एका दाखल्यासाठी येणाऱ्यास दुपारचे जेवण बाहेरच घ्यावे लागते आणि काम न झाल्यास दुसऱ्या दिवसाचेही. भाडे व जेवण मिळून त्याची एक-दोन दिवसांची मजुरी सहज खर्ची पडते. अशा माणसासाठी थाळीचा दर हा शासनव्यवस्थेपर्यंत पोहोचण्याच्या खर्चाचाच एक भाग असतो.

२०११ साली गोंडवाना विद्यापीठाची स्थापना गडचिरोली येथे झाल्यानंतर विद्यार्थ्यांच्या मेसचे महत्त्व वाढले. वसतिगृहात प्रवेश न मिळालेला विद्यार्थी भाड्याच्या खोलीत राहतो. दोन वेळच्या मेसचा खर्च पेलत नसल्यास एका वेळचे ताट लावतो व दुसऱ्या वेळी खोलीवर भात शिजवितो. उपस्थितीपटावर दिसणाऱ्या गैरहजेरीमागे काही वेळा हे कारण असू शकते, याची दखल शिक्षणविषयक चर्चेत क्वचितच घेतली जाते.

दारूबंदीचा मुद्दाही येथे प्रस्तुत आहे. लोकआंदोलनानंतर गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी लागू झाली. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ पासून अमलात आली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उठविण्यात आली. परवाना असलेल्या उपाहारगृहात नफ्याचा मोठा भाग मद्यविक्रीतून येतो. जेवण हे तेथे दुय्यम असू शकते. बंदी असलेल्या जिल्ह्यातील भोजनालयास केवळ ताटावर व चहावर जगावे लागते. तेथे नफा कमी, परंतु स्त्रिया, विद्यार्थिनी व मुलांसह आलेली कुटुंबे यांना दुपारी निर्धास्तपणे बसता येईल अशा जागा टिकून राहण्यास ही परिस्थिती अनुकूल ठरते.

शासनाचे दोन प्रयोग

माफक दराच्या जेवणात राज्य शासनाने दोनदा थेट प्रवेश केला. १९९५ साली युती शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देणारी योजना सुरू केली. मोक्याच्या सार्वजनिक जागांवर केंद्रे उभी राहिली. शासनाचे अनुदान २००० साली बंद झाल्यावर अनेक ठिकाणी पाटी ‘झुणका-भाकर केंद्र’ अशीच राहिली आणि आत चहा-नाश्त्याची विक्री होऊ लागली. योजनेचा आर्थिक पाया अनुदानावर होता, ग्राहकाच्या नियमिततेवर नव्हता. त्यामुळे अनुदान संपताच मूळ हेतूही संपला. भात खाणाऱ्या झाडीपट्टीच्या दृष्टीने या योजनेत आणखी एक उणीव होती. भाकर हे सर्व महाराष्ट्राचे अन्न आहे असे तीत गृहीत धरले गेले.

२६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत ही उणीव राहिली नाही. दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक मूद भात व एक वाटी वरण असे ताट दहा रुपयांत देण्याचे ठरले. थाळीची किंमत शहरी भागात ५० रुपये व ग्रामीण भागात ३५ रुपये धरून फरकाची रक्कम शासनाने केंद्रचालकास द्यावयाची होती. नवी केंद्रे बांधण्याऐवजी चालू खानावळी, मेस, महिला बचत गट व स्वयंसेवी संस्था यांच्याकडे काम सोपविण्यात आले. जिल्हा रुग्णालय, बसस्थानक, बाजार व शासकीय कार्यालये यांच्या परिसराची निवड झाली. म्हणजेच भुकेचा भूगोल शासनाने योग्य ओळखला. करोनाकाळात मार्च २०२० अखेर हा दर पाच रुपये करण्यात आला, एप्रिल २०२१ मध्ये थाळी निःशुल्क झाली आणि ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा दहा रुपये आकारण्यात येऊ लागले. टाळेबंदीच्या दिवसांत या केंद्रांचे मोल सिद्ध झाले.

पुढे मात्र अनुदान वेळेवर मिळत नसल्याच्या केंद्रचालकांच्या तक्रारी वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. येथे एक जुनेच सूत्र नव्या रूपात दिसते. गिरणगावातील खानावळवाली कामगाराच्या पगाराची वाट पाहत उधारीवर जेवू घालीत असे. शिवभोजन केंद्र चालविणारा बचत गट शासनाच्या देयकाची वाट पाहत जेवू घालतो. ऋणको बदलला तरी धनको तोच राहिला, आणि तो सर्वांत अल्प भांडवलाचा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. या प्रदेशात बाहेरचे दुपारचे जेवण हे हौसेतून आले नाही. खाण, रेल्वे, कचेरी, न्यायालय, रुग्णालय व महाविद्यालय यांनी माणसांना घरापासून दूर नेले म्हणून ते आले. त्याचा दर माफक राहिला तो स्थानिक तांदूळ, स्वस्त इंधन, नियमित ग्राहक आणि घरातील न मोजलेले श्रम यांमुळे. यांपैकी इंधन महाग झाले आहे आणि घरातील श्रम मोफत मिळावेत अशी अपेक्षा न्याय्य नाही. तेव्हा उरलेल्या दोन आधारांवर, म्हणजे स्थानिक धान्य व नियमित ग्राहक यांवर, भर देणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. महाविद्यालये, कार्यालये व रुग्णालये यांनी आपल्या परिसरातील बचत गटांच्या खानावळींना मासिक ग्राहकांची हमी दिली, आणि शासनाने आपली देयके महिन्याच्या महिन्यास चुकती केली, तर अनुदानाची रक्कम न वाढविताही ताटाचा दर्जा सुधारू शकेल.

दुसरा निष्कर्ष इतिहासाच्या साधनांविषयी आहे. खानावळींच्या खतावण्या, मासिक जेवणाची कार्डे, दरांच्या पाट्या आणि चालविणाऱ्या स्त्रियांच्या आठवणी ही या विषयाची प्राथमिक साधने होत. त्यांचे जतन कोणत्याही अभिलेखागारात होत नाही. दुकान बंद झाले की वह्या रद्दीत जातात. कोळशाचे उत्पादन किती टन झाले याची नोंद या प्रदेशाच्या इतिहासात शंभर वर्षांहून अधिक काळ होत आली आहे. तो कोळसा काढणारा, वाहून नेणारा आणि त्याच्या राखेत राहणारा मनुष्य दुपारी काय जेवला, याची नोंद करण्याचे काम महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हाती घ्यावे. वह्या व त्या लिहिणारी माणसे अजून उपलब्ध आहेत, तोवरच हे काम शक्य आहे.